दिघ्यांसाठी मांडलेलं टेबल

टेबलावर जेवण मांडणं हे काम लांबून फार सोपं दिसतं. जमिनीवरचं ताट उचलायचं आणि दोन हात वर ठेवायचं, त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. त्या समजुतीपायी मी माघातल्या एका सकाळी मेलो. निदान आमच्या गावापुरता तरी मेलो, आणि अजूनही गावात अशी दोन-चार माणसं आहेत, की मला समोरून येताना पाहिलं की ती आधी माझी पावलं सरळ आहेत की उलटी ते बघून घेतात.

सुरुवात केली आमच्या मेहुण्यांनी. मेहुणे म्हणजे हिचे धाकटे भाऊ रावजी. हे गृहस्थ मुंबईला राहतात, आणि मुंबईला राहणं हाच आपला व्यवसाय आहे अशा थाटात गावी येतात. त्या खेपेला ते आमच्या शरयूसाठी स्थळ घेऊन आले. मुलगा प्रभाकर दिघे, बी.ए., नोकरीत कायम, स्वभावानं गरीब. वडील भाऊसाहेब दिघे, फोर्टात एका गोऱ्या कंपनीत हेडक्लार्क. पत्रिका जुळत होती. मुलगी बघायला दिघे मंडळी रावजींबरोबर मुंबईहून शिडाच्या मचव्यानं मांडवा बंदरात उतरणार आणि दुपारी आमच्याकडे जेवून संध्याकाळच्या भरतीला परतणार, इथपर्यंत सगळं ठीक होतं.

"पण भाऊजी, एक सांगून ठेवतो," रावजी आवाज खाली आणून म्हणाले, "दिघे टेबलावर जेवतात."

"टेबलावर?" ही दारामागून म्हणाली. "म्हणजे टेबलावर बसून?"

रावजींनी बहिणीकडे जो कटाक्ष टाकला त्यात आम्ही दोघंही मावत होतो. मग त्यांनी टेबल, खुर्च्या, काटे, चमचे, पांढरं कापड, फुलं असं सगळं वर्णन केलं आणि समारोप केला, "टेबल देखणं मांडा. मुलगी पसंत झालीच म्हणून समजा."

आता इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शरयूची याआधी दोन स्थळं फिसकटली होती. पहिलं पत्रिकेवरून, आणि दुसरं, "मुलीचं गाव फार अडनिडं, सासुरवाडीला जायला भरती-ओहोटी बघावी लागते," या सबबीवर. दुसरा नकार आला त्या दिवशी पोरगी नेहमीसारखी हसली, भांडी घासली, आणि मग परसात फणसाखाली जाऊन बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही. मी खिडकीतून बघत होतो. बापानं अशा वेळी काय करायचं असतं हे ट्रेनिंग कॉलेजात शिकवत नाहीत. तेव्हा दिघ्यांना टेबल हवं असेल तर टेबल, असं मी मनाशी ठरवून टाकलं. त्यांना हत्तीवर जेवायची सवय असती तर मी हत्तीच्या तपासाला लागलो असतो.

मी मराठी शाळेचा हेडमास्तर. शाळेत एक टेबल आहे, पण ते शाळेचं नाही, सरकारचं आहे. ते एका दिवसासाठी घरी नेण्याची परवानगी मागणारा अर्ज मी वरच्या कचेरीला केला. कचेरीनं विचारलं, कोणत्या शैक्षणिक कारणासाठी? मी 'भूगोल' लिहिलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण आयुष्यभर पोरांना खरं बोलायला सांगितल्याचा परिणाम असा होतो, की ऐनवेळी आपणही खरं बोलून जातो. मी 'जेवण' लिहिलं. उत्तर आलं, की शाळेचं टेबल जेवणासाठी बाहेर गेल्यास त्याच्या मागोमाग हेडमास्तरांनाही कायमचं बाहेर जावं लागेल.

मग राहिला काळूराम. आमच्या गावात सुतार म्हणजे होड्या बांधणारा माणूस. काळूरामनं बांधलेल्या होड्या रेवसपासून श्रीवर्धनपर्यंत फिरतात, आणि त्याचा त्याला रास्त अभिमान आहे. मी त्याला टेबल पाहिजे म्हणून सांगितलं तेव्हा तो किनाऱ्यावर एका अर्धवट होडीच्या पोटात बसला होता.

"किती माल न्यायचा हाय?" त्यानं विचारलं.

"माल नाही रे. त्याच्यावर जेवायचं आहे."

"पान्यात जेवनार?"

"पाण्यात कशाला? घरात. माझ्या ओटीवर."

"मंग त्याला पानी लागनारच न्हाय?" असं म्हणून तो इतका हिरमुसला की मलाच अपराध्यासारखं वाटलं.

काळूरामनं टेबल बांधलं. ते मजबूत होतं याबद्दल वाद नाही. त्यावर बसून एखादा माणूस खाडी ओलांडून करंजाला जाऊन आला असता. पण त्याच्या हाताला सपाट करायची सवय नव्हती, त्यामुळे टेबलाला मधोमध हलकासा फुगवटा आला. शिवाय हाताशी असलेली फळी कापायला तो तयार होईना. "अशी अखंड फळी तोडायची म्हंजे पाप हाय, मास्तर," असं म्हणून त्यानं ती होती तेवढीच ठेवली. परिणामी टेबल रुंदीला बेताचं आणि लांबीला एक चांगला उंचापुरा माणूस निजेल एवढं झालं. फळ्यांच्या सांध्यात त्यानं कापूस ठासला आणि शेवटी, मला न विचारता, संपूर्ण टेबलाला मुशीच्या माशाचं तेल चोपडलं. होड्यांना चोपडतात तेच.

"आता ह्याला तुमच्या नातवांपरयंत किडा लागनार न्हाय," तो म्हणाला. "फक्त नारळ फोडा. नव्या व्हडीला नारळ फोडल्याबिगर आमी पान्यात ढकलत न्हाय."

मी त्याला टेबल आणि होडी यांतला फरक समजावून सांगितला. अंधश्रद्धेवरही थोडंसं बोललो. विषय निघाला की मला आवरत नाही. काळूरामनं सगळं ऐकून घेतलं आणि 'पुढं काय झालं तर मला बोलू नका' असं तोंड करून तो निघून गेला. टेबल ओटीवर दक्षिणोत्तर ठेवावं लागलं, कारण दुसऱ्या कुठल्याही दिशेनं ते ओटीत बसत नव्हतं. त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत कोळीवाड्यातली झाडून सगळी मांजरं आमच्या अंगणात जमली होती आणि टेबलाकडे अतिशय आपुलकीनं बघत होती.

टेबल झालं, तरी मांडायचं कसं हा प्रश्न उरला होता. त्यासाठी कोंडाजी हवालदार आपणहून आला. कोंडाजी गेल्या लढाईत तिकडे इराकात, बसऱ्याला होता, आणि गोळ्यांपेक्षा जास्त वेळ त्यानं गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये काढला होता. तिथले काही काटे आणि सुऱ्या त्याच्या घरी आहेत. त्या कशा आल्या हे त्याला विचारायचं नसतं.

"मास्तर, टेबल म्हंजे परेड," तो म्हणाला. "डावीकडं काटा, उजवीकडं सुरी. येक रेघ. जरा हाललं की साहेब चिडतो."

"डावीकडे चटणी-कोशिंबीर असते," ही आतून म्हणाली.

"बाईसाहेब, डावीकडं काटा."

"मग चटणी काय बसऱ्याला पाठवू?"

यावर जी चर्चा झाली ती मी इथे देत नाही. पानात मीठ वर, लिंबू त्याच्या शेजारी, डावीकडे चटणी-कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-आमटी, ही व्यवस्था हिच्या मते कुणी माणसानं केलेलीच नाही, ती आधीपासूनच आहे. कोंडाजीचंही काट्याबद्दल तेच मत होतं. मी मध्यस्थी करायला गेलो तेव्हा दोघांनी एकमुखानं मला गप्प बसवलं, आणि तिथून त्यांचं जमलं. शेवटी काटा चटणीच्या पलीकडे राहील आणि चटणीला हात लावणार नाही, असा तह झाला.

आदल्या दिवशी आम्ही रंगीत तालीम केली. चार घरांतून चार तऱ्हेच्या खुर्च्या आल्या. हिनं ताटाभोवती टेबलावरच रांगोळी काढली. जेवायला बसल्याबरोबर समुद्राकडून वारा आला आणि सगळी रांगोळी वालाच्या बिरड्यात गेली. तेवढं सोडलं तर तालीम झकास झाली, आणि मी खुशीत शतपावली करायला बाहेर पडलो.

परत येऊन बघतो तर ही टेबलापाशी उभी, हात कोपरापर्यंत भरलेले. लग्न झाल्यापासून रोज जेवणं आटोपल्यावर ती जे करते तेच तिनं केलं होतं. खरकटं उचललं होतं, शेणाचा गोळा घेतला होता आणि टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत छान सारवून काढलं होतं.

"अगं, हे काय केलंस?"

"जेवणाची जागा आहे ना? मग खरकटी ठेवू?"

मी बाह्या सरसावून टेबल घासायला घेतलं. मुशीचं तेल आणि गाईचं शेण यांची एकदा गट्टी जमली की साबण, राख, चिंच, कशानंच ती तुटत नाही, एवढी भर मात्र त्या संध्याकाळी माझ्या ज्ञानात पडली. शरयू पदरात तोंड लपवून हसत होती. हसता हसता मधेच थांबून म्हणाली, "बाबा, एवढं नका हो मनाला लावून घेऊ. नाही म्हणाले तर नाही म्हणाले." ते ऐकून तर मी आणखीनच मनाला लावून घेतलं.

उजाडल्यावर आम्ही सगळे कामाला भिडलो. शेणाचे डाग झाकायला पांढरीशुभ्र चादर घातली. वास मारायला शेवंतीची आणि झेंडूची फुलं पसरली. फुलांना वास आवरेना तेव्हा उदबत्त्या लावल्या, चांगला जुडगाच लावला. मेसमध्ये टेबलावर मेणबत्त्या असतात असं कोंडाजी म्हणाला. मेणबत्त्या नव्हत्या, म्हणून देवघरातली समई आणली. ती मी दक्षिणेच्या टोकाला ठेवायला सांगितली, कारण वारा लागत नव्हता असं तेवढं एकच टोक होतं. भूगोल मी मन लावून शिकवतो, पण दक्षिण दिशेबद्दल जे पुस्तकात नसतं ते त्या वेळी माझ्या डोक्यात आलं नाही.

साहेबाच्या टेबलावर मधोमध फळांचा डोंगर असतो, असंही कोंडाजीचं म्हणणं होतं. आमच्याकडे एक कलिंगड होतं. ते मधोमध ठेवलं की फुगवट्यावरून घरंगळत समईपाशी जाऊन थांबे. दोनदा परत आणलं, दोनदा गेलं. मग हिनं वैतागून तिथेच चादरीवर एक उशी ठेवली आणि कलिंगड तिच्यावर बसवलं. दुसऱ्या टोकाला पाण्याचे दोन उभट तांबे शेजारी शेजारी ठेवले. मधे ताटं, वाट्या. कोंडाजीनं एक डोळा मिटून रांग तपासली, शाबासकी दिली आणि बिल्ले लावून येतो म्हणून घरी गेला.

एवढ्यात माश्या आल्या. माघात सगळ्या किनाऱ्यावर बोंबील सुकत असतात, तेव्हा माश्यांना आमंत्रण लागत नाही. हिनं माझं नवंकोरं धोतर आणलं आणि टेबलावर या टोकापासून त्या टोकापर्यंत, समई, उदबत्त्या आणि कडेची फुलं तेवढी बाहेर ठेवून, बाकी सगळ्या मांडणीवरून पांघरलं. मी ते पाहिलं, "छान झालं" म्हणालो, आणि वाडीतल्या विहिरीवर अंघोळीला गेलो.

आमच्या शेजारी सोनूबाई राहते. कुणाच्या घरी काय चाललंय हे घरच्यांच्या आधी तिला कळतं, पण मनानं बाई फार चांगली. ती शरयूसाठी गजरा घेऊन आली आणि सवयीप्रमाणे आधी ओटीच्या गजांतून डोकावली. तिला काय दिसलं? पांढऱ्या कपड्याखाली लांबच्या लांब काहीतरी. दक्षिणेला उशीवर गोल डोकं, दुसऱ्या टोकाला वर आलेली दोन पावलं. डोक्याशी समई, भोवती फुलं, उदबत्त्यांचा धूर. आत ही डोळे पुशीत होती, कारण ती कांदा चिरत होती. शरयू न्हालेले केस मोकळे सोडून खाली मान घालून बसली होती, कारण ते वाळत होते. आणि मी कुठेही नव्हतो.

सोनूबाईनं नुसतं विचारलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण अशा घरी काही विचारायचं नसतं, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिनं गजरा उंबऱ्याबाहेर ठेवला, पदर डोक्यावरून घेतला आणि गावाला कळवायला गेली.

मी विहिरीवरून परतलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मला वाटलं, पाहुणे बघायला आलेत. मग बांबू दिसले. मी ओल्या पंचानिशी केळीच्या आड उभा राहिलो. माणसानं असं चोरून ऐकू नये हे खरं आहे, पण तशी संधीही वारंवार येत नाही.

"शिकवायचे ब्येस," कुणीतरी म्हणालं. "पन बोलायचे लई."

"मारायचे बी."

"मारायचे, पन लागत न्हवतं कुनाला."

"कालपरयंत चांगले व्हते," काळूराम म्हणाला. "नारळ फोडा म्हनून हात जोडले मी. ऐकलं न्हाय."

सगळ्यांत गंभीर कोंडाजी होता. धोतराखाली डोकावून बघायचं मात्र त्यालाही सुचलं नव्हतं. बिल्ले लावून, ताठ उभा राहून तो सांगत होता, "सकाळी माझ्याच हातानं समई ठिवून घेतली. म्हनाले, कोंडाजी, दक्षिनेला ठेव. मानसाला आधी कळतं."

वीस वर्षं ज्या गावाला शिकवलं त्या गावानं माझ्याबद्दल एवढंच काढावं, 'बोलायचे लई'! मला इतका संताप आला की मी तरातरा पुढे होऊन विचारलं, "काय चाललंय काय इथे? कोण गेलं?"

"मास्तर गेले," पुढचा एकजण खाली मान घालून म्हणाला. मग त्यानं वर पाहिलं.

यानंतर थोडा वेळ अंगणात काही शिस्त राहिली नाही. बांबू कोंडाजीच्या पायावर पडला. दोघेजण विहिरीकडे पळाले, ते का ते त्यांनाही सांगता आलं नाही. आत सोनूबाईनं हिला मिठी मारून हंबरडा फोडला होता. हिला वाटलं पाहुण्यांचा नकार आला, म्हणून हीही रडत होती, आणि दोघींचं रडणं एकमेकींना अगदी पुरेसं पटत होतं.

मी घसा खाकरून एक लहानसं भाषण करणार, तेवढ्यात रघूचा छकडा दारात आला. हा छकडा मी पाहुण्यांना आणायला बंदरावर पाठवला होता. छकडा रिकामा होता.

"पाहुणे कुठे आहेत, रघू?"

रघूनं माझ्याकडे पाहिलं, बैलाकडे पाहिलं, आणि बैलालाच सांगायचं ठरवलं. "वाटेत कळलं मला. मंग बंदरावर जाऊन सांगून आलो, घरात मयत हाय, परत जा. तुमचं मेवनं लई रडत व्हतं."

माझ्या मरणाची बातमी मी बऱ्यापैकी धीरानं घेतली होती. ही मात्र घेता येईना. मुलगी बघायला निघालेल्या माणसांना दारात प्रेताची बातमी लागल्यावर कुठले वरपक्षाचे लोक पुन्हा त्या घराकडे फिरकतात? मी वळून पाहिलं. शरयू दारात उभी होती, केस मोकळे, हातात सोनूबाईचा गजरा. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत वळली, आणि ती परसाकडे निघालीय हे तिला पाठमोरी पाहूनच मला कळलं.

मी धावत सुटलो. वय पन्नाशीच्या घरात, अंगावर ओला पंचा, पायात काही नाही. माझ्यामागून गाव धावत सुटलं. बंदर आमच्या घरापासून लांब नाही, पण वाळूत धावणं हा प्रकार मी शाळकरी वयानंतर केला नव्हता.

मचवा ओहोटीमुळे चिखलात कलंडला होता. दिघे मंडळी नारळीच्या सावलीत एका ओंडक्यावर बसली होती. भाऊसाहेब, त्यांच्या बाजूला छत्री धरलेल्या दिघेकाकू, आणि चष्मा लावलेला प्रभाकर. रावजी वाळूत बसून रुमालानं डोळे पुसत होते. त्यांनी मान वर केली आणि मला येताना पाहिलं. दिघेकाकूंनी किंकाळी फोडली. रावजी गुडघ्यांवर उभे राहिले आणि लांबूनच त्यांनी हात जोडले.

"भाऊजी! कशात जीव अडकलाय तुमचा? सांगा, मी पुरं करीन! पण जवळ येऊ नका हो!"

"शरयूत!" मी ओरडलो.

मला खरं तर वेगळंच काही सांगायचं होतं. मी जिवंत आहे, हा गैरसमज आहे, टेबलावर कलिंगड आहे, वगैरे. पण दम उरला नव्हता आणि तोंडातून एवढंच निघालं. मग थांबताच येईना. "माझ्या शरयूत अडकलाय जीव! तिला बघून तरी जा. टेबल नका बघू, मला नका बघू, पोरीला एकदा बघा. पसंत नाही पडली तर मी पुन्हा मरतो!"

भाऊसाहेब दिघे पुढे वाकून मला निरखून बघू लागले.

"अहो, हे धापा टाकतायत," शेवटी ते बायकोला म्हणाले. "मेलेल्या माणसाला धाप लागत नाही." मग माझ्याकडे वळून, "टिपणीस, मयताचं कळल्यावरही आम्ही भेटायला आलो असतो हो. पण तुमचा छकडा परत गेला आणि वाळूत चालायला माझे गुडघे साफ नाही म्हणतात. मांडी घालायची तर सोयच नाही. घरी कंपनीतलं एक जुनं टेबल आणलंय, त्यावर मी एकटा जेवतो. बाकी सगळे आपले पाटावर."

मी रावजींकडे पाहिलं. रावजी समुद्राकडे बघत होते.

मागून कोंडाजी लंगडत पुढे आला. त्यानं पाहुण्यांना सलाम ठोकला. "साहेबांना चालवत न्हाय तर टेबल हितं आनू. मानसं जमलीच हायत. बांबू बी हायत."

आणि खरोखरच, जी माणसं मला न्यायला जमली होती त्यांनी माझं टेबल आणलं. चौघांनी खांद्यावर घेतलं होतं, वर पांढरं धोतर, फुलं तशीच. ताटं-वाट्या बायकांनी टोपल्यांत घेतल्या होत्या. किनाऱ्यावरनं ती मिरवणूक येताना पाहून दिघेकाकूंनी क्षीण आवाजात विचारलं, "हे काय आणतायत?"

"जेवण," मी म्हणालो.

"तुमच्याकडे असं आणतात?"

तेवढ्यात वाऱ्यानं धोतर उडालं, कलिंगड वाळूत पडून उतारावरून पाण्याच्या दिशेनं निघालं, आणि काळूराम "गेलं, गेलं" करत त्याच्यामागे धावला. मिरवणुकीच्या पुढे शरयू होती. केस बांधलेले, डोक्यात गजरा, कमरेवर बिरड्याचं पातेलं. डोळे थोडे लाल दिसत होते. ते कांद्यानं नव्हते, हे मला ठाऊक होतं.

टेबल ओल्या वाळूत रोवलं तेव्हा ते आयुष्यात पहिल्यांदा सपाट दिसलं. भाऊसाहेब ओंडक्यावर बसून त्यावर जेवले. काकू आणि प्रभाकर वाळूतच केळीची पानं मांडून बसले. काटा चटणीच्या पलीकडे, ठरल्याप्रमाणे, शेवटपर्यंत कुणाच्याही हातात न जाता पडून राहिला आणि कोंडाजी त्याच्याकडे दुःखानं बघत राहिला. तेलाच्या वासाबद्दल भाऊसाहेब म्हणाले, की किनाऱ्यावर असा वास यायचाच. शरयू वाढत होती. तिसऱ्यांदा भात घेताना भाऊसाहेबांना आठवलं, की आपण मुलगी बघायला आलो आहोत. त्यांनी पद्धतीप्रमाणे विचारलं, "वडिलांचं नाव काय, बाळ?"

"भास्कर लक्ष्मण टिपणीस," शरयू खाली मान घालून म्हणाली. मग जरा थांबून, "आधी श्रीयुत लावायचं की कैलासवासी, ते सकाळपासून नक्की ठरत नाहीये."

हिनं कपाळावर हात मारला. पण प्रभाकरला असा ठसका लागला की त्याचा चष्मा पानात पडला. काकूंनी त्याला पाणी दिलं आणि पाणी देता देता त्याही हसू लागल्या. भाऊसाहेब तर टेबलाला धरून हसत होते, आणि काळूरामचं टेबल जागचं हललं नाही.

भरती लागली. मचवा चिखलातून उठून डोलायला लागला. प्रभाकर काही ना काही निमित्त काढून शरयूशी दोन वाक्यं बोलला आणि ती हसली. नेहमीचं हसणं नव्हतं ते. भाऊसाहेबांनी मचव्यात पाय ठेवण्याआधी माझा हात धरला आणि म्हणाले, "टिपणीस, मुलगी आम्हांला पसंत आहे. वैशाखातला मुहूर्त काढा."

गाव एकदम गजबजलं. कोंडाजीनं कुणालातरी सलामी दिली. काळूरामनं परस्पर एक नारळ आणून टेबलाच्या कडेवर फोडला आणि या खेपेला मी काही भाषण केलं नाही. सोनूबाईनं हिच्या गळ्यात पडून पुन्हा रडायला सुरुवात केली. पलीकडे, पाण्याच्या काठाला, शरयू मचव्याकडे बघत उभी होती आणि वाऱ्यानं सुटलेली बट कानामागे सारत होती. लहानपणी शाळेच्या दारात मला हाक मारायला यायची तेव्हाही ती अशीच बट मागे सारायची. वैशाख. मधे फक्त फाल्गुन आणि चैत्र. मग घरात बिरडं कोण ढवळणार आणि मला 'मनाला नका लावून घेऊ' असं कोण सांगणार? हे इतके दिवस माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. टेबलाच्या गडबडीत राहूनच गेलं होतं. मी वाळूत मटकन खाली बसलो आणि सगळ्या गावादेखत ढसाढसा रडलो.

काळूराम खोबऱ्याचा तुकडा घेऊन माझ्याशेजारी येऊन बसला. "मास्तर, सकाळी मेलात तवा टिपूस न्हाय काढलंत डोळ्यातनं," तो चकित होऊन म्हणाला, "आनि आता समदं चांगलं झालं तर रडता?"

मी त्याला काय सांगणार? त्याला चारही मुलगेच आहेत.